या आठवड्याचा शब्द

पेन्शन कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या हेडक्लार्कना सगळं ऑफिस 'सावधराव' म्हणत असे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पेन्शनवाल्यांकडून दरवर्षी हयातीचा दाखला घेणं हे त्यांचं काम. माणूस समोर उभा आहे, खोकतोय, कपाळावरचा घाम पुसतोय, एवढ्यावरून तो जिवंत आहे असं मानायला सावधराव तयार नसत.

"उभं काय, कोणीही राहील," ते म्हणत. "कागद दाखवा."

अशा माणसाच्या हाती मोबाइल आला आणि मोबाइलवर त्याला 'सजग मंडळी' सापडली. हा इंटरनेटवरचा बारा हजार सभासदांचा कट्टा. फोनवरून लोकांना कसं गंडवतात आणि आपण कसं गंडू नये, याच्या ताज्या बातम्या तिथे रोज सकाळी येत. सावधराव त्या चहा घेता घेता वाचत. (म्हणजे वाचत. चहा गार होऊन पडलेला असे.) त्यांच्या नावापुढे तीन तारे होते आणि त्यांचा घरच्यांपेक्षा त्या ताऱ्यांवर जास्त जीव आहे, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

एका सकाळी बातमी आली की चोर आता मशीनवर आपल्या घरच्यांचा आवाज हुबेहूब काढतात आणि 'अगं, मी अडचणीत आहे' म्हणून फोन करतात. सावधरावांनी टेबलावर मूठ आपटली.

"या म्हणावं! माझ्या घरात येऊन दाखवा म्हणावं! आजपासून या घराला एक गुप्त शब्द."

झालं. फ्रिजवर नियमांचा कागद लागला. अनोळखी नंबरवरून घरच्या माणसाचा आवाज आला तर आधी शब्द विचारायचा. तीन वेळा चुकला की फोन ठेवायचा आणि ते रेकॉर्डिंग सजग मंडळींकडे धाडायचं. 'माझा फोन बंद पडलाय' अशी सुरुवात करणारा तर हमखास चोर, हे वाक्य लाल शाईत होतं. शब्द दर सोमवारी बदलायचा, आळीपाळीने प्रत्येकाने निवडायचा.

"आणि बाबा, तुमचा आवाज आला तर?" कॉलेजात जाणाऱ्या लेकीने विचारलं.

"माझ्या आवाजावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही!"

"ते आम्हाला जड जाणार नाही," बायको म्हणाली.

पहिल्या आठवड्यात सावधरावांनी 'कंदील' हा शब्द दिला, दुसऱ्यात लेकीने 'पाणघोडा'. तिसऱ्या सोमवारी बायकोची पाळी होती. ती घरी शिवणकाम करते. हातात कात्री, पुढ्यात कुणाच्या तरी झग्याचं कापड, अशा थाटात तिने या आठवड्याचा शब्द जाहीर केला. लेक खो खो हसली. सावधराव तेव्हा इंटरनेटला जोडलेल्या फ्रिजपासून असलेल्या धोक्यांबद्दल वाचत होते. (त्यांच्या फ्रिजचं दार दोरीने बांधावं लागे, ती गोष्ट वेगळी.)

"लक्षात राहील ना?"

"हं."

"एकदा म्हणून दाखवा बघू."

"हं हं."

बायको थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने कापडाला कात्री लावली.

त्याच आठवड्यात सावधरावांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडणार होती. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सजग मंडळींची पहिली प्रत्यक्ष सभा एका वाचनालयाच्या हॉलमध्ये होती. तिथे 'सजग कुटुंब' म्हणून त्यांचा सत्कार आणि दहा मिनिटं भाषण. चौपन्न वर्षांत त्यांच्यापुढे कोणी माइक धरला नव्हता. शाळेच्या संमेलनात त्यांना दरवर्षी पडदा ओढायचं काम मिळे. त्यामुळे हे भाषण त्यांना हवं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं. ते आरशासमोर उभं राहून म्हणत आणि बायको शिलाई मशीन थांबवून घड्याळ लावत असे.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीवर चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आले. कागद बरोबर होते, पण अंगठा उमटेना. चाळीस वर्षं खडू आणि रंग हाताळून त्यांच्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. सावधरावांनी मास्तरांचा अंगठा स्वतःच्या हाताने चार वेळा शाईत बुडवला, चार वेळा दाबला. कागदावर चार काळी वांगी उमटली.

"साहेब, मी दर वर्षी येतो. तुम्ही मला ओळखता," मास्तर म्हणाले.

"मी ओळखून काय उपयोग? कागदाने ओळखलं पाहिजे. डॉक्टरांचं पत्र घेऊन सोमवारी या."

"म्हणजे सोमवारपर्यंत मी...?"

"कागदोपत्री सांगता येत नाही," सावधराव म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावली.

चार वाजता ऑफिस सुटलं. हॉलचा पत्ता बघावा म्हणून सावधरावांनी फोन काढला आणि त्यावर अंगठा टेकवला. अंगठा शाईने काळाकुट्ट. फोनने ओळखलं नाही. त्यांनी अंगठा साबणाने धुतला, मग विटेच्या तुकड्याने घासला. आता शाईही गेली आणि वरची कातडीही. फोन ओळखेना. राहता राहिला पासवर्ड. तो अठरा अक्षरांचा होता आणि त्याच दिवशी सकाळी ताज्या बातमीच्या सल्ल्यावरून बदललेला होता. सावधरावांनी तो पाच वेळा टाकला, पाचही वेळा वेगळा. पाच चुका झाल्या की फोनमधलं सगळं पुसून टाकणारं एक अ‍ॅप त्यांनी मोठ्या अभिमानाने बसवलं होतं. त्याने आपलं काम चोख केलं. पत्ता गेला, भाषण गेलं, सभेला आत सोडायचा कोड गेला, आणि कोऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'अभिनंदन! तुमचा फोन सुरक्षित आहे.'

भाषणाची एक छापील प्रत घरी टेबलावर होती. बायकोचा नंबर पाठ होता. समोरच्या झेरॉक्सवाल्याचा फोन मागून त्यांनी घरी लावला.

"हॅलो, मी बोलतोय. अगं, माझा फोन बंद पडलाय..."

पलीकडून बायकोचा आवाज, कधी नव्हे इतका गोड.

"अस्सं? मग शब्द सांगा."

सोमवारची सकाळ सावधरावांनी आठवून पाहिली. कात्री आठवली, कापड आठवलं, लेकीचं हसणंसुद्धा आठवलं. शब्द काही आठवेना.

"कंदील!"

"जुना. एक चूक झाली."

"अगं, वेळ नाहीये! टेबलावरचं भाषण घेऊन ये आणि हॉलचा पत्ता सांग..."

"पत्तासुद्धा पाहिजे का तुम्हाला! बघ गं, पत्ता मागतोय. आवाज मात्र काय काढलाय मेल्याने, तस्साच घोगरा."

"कात्री! कात्री असणार!"

"दोन."

"हे बघ, मी तुझा नवरा आहे! सव्वीस वर्षं झाली!"

"माझा नवरा रोज सांगतो की आवाजावर जाऊ नको. तिसरा शब्द?"

"उशी," सावधराव हताशपणे म्हणाले. फोन कट.

दुसऱ्यांदा लेकीने उचलला. सावधरावांनी ठेवणीतला पुरावा काढला. "तुझ्या डाव्या गुडघ्यावर खूण आहे. सात वर्षांची असताना तू सायकलवरून पडलीस!"

"ते बारा हजार लोकांना माहीत आहे, काका. बाबांनीच फोटो टाकला होता, 'पडा पण सावध राहा' असं लिहून." फोन पुन्हा कट. तिसऱ्या खेपेला तो नंबरच ब्लॉक झालेला होता.

झेरॉक्सवाल्याने हळूच विचारलं, "साहेब, घरी जाऊन तोंड का नाही दाखवत?"

"स्वतःच्या घरी? ओळख पटवायला? मी?" सावधराव ताडकन उठले. "मुळीच नाही! भाषण मला पाठ आहे. हॉल मी शोधून काढीन. बघतोच!"

गावात वाचनालयं तीन होती, हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. पहिल्यात मुलांची बुद्धिबळाची स्पर्धा चालू होती. दुसरं बंद होतं. तिसऱ्याच्या दारात ते पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते, नवा शर्ट पाठीला चिकटला होता आणि दारावर हातात यादी घेऊन एक धिप्पाड बाई बसल्या होत्या.

"कोड दाखवा."

"माझा फोन बंद..." सावधरावांनी जीभ चावली. "मी आजचा वक्ता आहे!"

"वक्ता आलाच नाही. त्यांच्या मिसेस बोलताहेत. तुम्ही कोण?"

"मीच तो! मी समोर उभा आहे ना!"

"उभं कोणीही राहील हो," बाई म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या, त्यांनी मागे वळून विचारलं, "यांना कोणी ओळखतं का?"

शेवटच्या रांगेतून चित्रकलेचे मास्तर उठले. सावधरावांना त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मी चांगलाच ओळखतो," मास्तर म्हणाले. "पण माझी साक्ष चालायची नाही. सोमवारपर्यंत मी जिवंत आहे की नाही, ते सांगता येत नाही."

ते शांतपणे खाली बसले. दारातून सावधरावांना व्यासपीठ दिसत होतं. माइकसमोर बायको उभी होती, तिच्या हातात फोन होता, आणि त्यातून स्वतः सावधरावांचा आवाज हॉलभर घुमत होता: 'कात्री! कात्री असणार!' दोनशे माणसं पोट धरून हसत होती. दुपारपासून ते रेकॉर्डिंग सजग मंडळींवर गाजत होतं. तीन तारेवाल्यांपैकी कितीतरी जणांनी 'इतका बावळट चोर पाहिला नाही' असं खाली लिहिलं होतं.

बायको बोलत होती आणि फार छान बोलत होती. न अडखळता, न घाबरता. सावधरावांना एकदम वाईट वाटलं. हिच्यापुढेही कधी कोणी माइक धरला नव्हता, हे आजवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शब्द असा निवडावा," ती सांगत होती, "की चोराला सुचूच नये. मी खूप विचार केला. आमच्या घरात सव्वीस वर्षांत जे यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही, ते चोर तरी कुठून शिकणार? म्हणून या आठवड्याचा शब्द मी ठेवला, 'माझं चुकलं'."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूने जरा जास्तच.

"खोटं आहे!" सावधराव दारातून ओरडले. "मी म्हटलंय! एकदा तरी म्हटलं असेल!"

दोनशे माना वळल्या. बायकोने कपाळावर हात धरून दाराकडे निरखून पाहिलं. नवा शर्ट तिनेच शिवला होता, तो तिने लांबूनही ओळखला असणार. पण ती माइकमध्ये म्हणाली, "आवाज तोच दुपारचा वाटतोय. शब्द सांगा."

सावधरावांची मान ताठ झाली. चारचौघांत? दोनशे लोकांपुढे? छे! त्यांनी पाठ फिरवली. दोन पायऱ्या उतरलेही. मग त्यांना ते माइकचं चकचकीत टोक आठवलं, शाळेतली पडद्याची दोरी आठवली, आणि सोमवारी 'एकदा म्हणून दाखवा' म्हणून आपल्याकडे बघत राहिलेली बायकोही आठवली. ते दोन पायऱ्या परत चढले.

"माझं," ते म्हणाले. मग घसा साफ केला. मग छताकडे बघितलं. "माझं चुकलं."

बायकोचे डोळे किंचित पाणावले असावेत, निदान सावधरावांना तसं वाटलं आणि त्यांचा स्वतःचाही ऊर भरून आला. मग तिने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"अगंबाई! रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहिलंच की. नियम म्हणजे नियम. पुन्हा म्हणा, जरा मोठ्याने."

त्यांनी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. मग मास्तरांनी खूण केली म्हणून शेवटच्या रांगेसाठी आणखी एकदा. तेव्हा कुठे त्यांना आत सोडलं, पण तोवर हॉलची वेळ संपली होती. सत्कार मात्र झाला. शाल बायकोला मिळाली आणि आयोजकांच्या विनंतीवरून सावधरावांनी समारोपाचा पडदा ओढला.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांच्या पत्राशिवायच मास्तरांना जिवंत करून टाकलं. फ्रिजवरचा कागद त्यांनी अजून काढलेला नाही. चोरांपुढे नमणार नाही म्हणजे नाही. नव्या फोनवरून ते रोज दुपारी घरी फोन करतात. तिकडे शिलाई मशीनशेजारी बायकोचा फोन त्यांच्याच आवाजात वाजू लागतो, 'माझं चुकलं, माझं चुकलं, माझं चुकलं', आणि बायको तो उचलायची अजिबात घाई करत नाही.