डोब्रीच्या गळ्यातली गाठ

"कारखान्यात एक शब्द जरी फुटला ना, तर मिरच्यांबरोबर तुलाही भाजीन," इस्क्रा म्हणाली. ती ओट्याला टेकून उभी होती, कारण दोन दिवसांपासून तिला धड बसता येत नव्हतं. समोर तिचा नवरा डोब्री मान खाली घालून उभा होता. त्यानं शपथ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सकाळीच दोघांना सगळं समजावलं होतं. योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात, ओलावा देणं हे त्यांचं काम. एकीची नळी तुंबते, आत पाणी साचतं आणि गाठ येते. पुष्कळ बायकांना येते, त्यात कुणाची चूक नसते. दिवसातून तीन-चार वेळा कोमट पाण्यात बसायचं, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. डोब्री मिरच्या भाजायच्या कारखान्यात वाफेच्या नळांची दुरुस्ती करायचा. जन्मात पहिल्यांदाच त्याला दवाखान्यातलं काहीतरी एका झटक्यात कळलं होतं, आणि नेमकं तेच कुणाला सांगायची सोय नव्हती.

बायकोची देखभाल करायला त्याला दोन दिवसांची रजा मिळाली. पण रजेच्या दाखल्यावर आजाराचा क्रमांक छापलेला असतो, आणि त्या गावात माणसाच्या तोंडाआधी दाखल्यावरचा क्रमांक वाचायची रीत. मिरच्यांच्या भट्टीवरचा गेन्चो तर त्यातला पंडित. कंबरेचे, पित्ताचे, मूळव्याधीचे क्रमांक त्याला तोंडपाठ. कामावर परतल्यावर डोब्री हिशेबाच्या खिडकीत दाखला सरकवत होता, तेवढ्यात गेन्चोनं मागून मान घातली.

"एन पंच्याहत्तर टिंब शून्य? हा कुठला रे? लिल्यानाताई, बघा बरं."

खिडकीतल्या लिल्यानाताईंनी दाखला सावकाश वाचला. 'पत्नीच्या देखभालीसाठी' हा रकानाही वाचला. मग चष्म्यावरून डोब्रीकडे पाहिलं. तो घामानं निथळत होता.

"बार्थोलिन ग्रंथीची गाठ," त्या म्हणाल्या.

"कुणाला?" गेन्चोनं विचारलं.

"मला," डोब्री म्हणाला.

"कुठे असते ती?"

डोब्रीचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

"मग असा उघड्या गळ्यानं काय हिंडतोस?" लिल्यानाताई म्हणाल्या. "मफलर बांध बाबा." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

अशा रीतीनं भर ऑगस्टात, वाफेच्या खोलीत, डोब्रीच्या गळ्याभोवती लोकरीचा मफलर आला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी त्याला घेरलं. कुणी राकिया दारूचा बोळा लावायला सांगितलं, कुणी कांदा बांधायला. डोब्रीला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणून त्यानं सगळं खरंच सांगितलं, फक्त पत्ता बदलला.

"दोन असतात. वाटाण्याएवढ्या. नळी तुंबली की फुगतात."

"आणि औषध?" गेन्चोनं विचारलं.

"कोमट पाण्यात बसायचं."

"गाठ गळ्यात आणि बसायचं पाण्यात?"

"ऊब वर चढते," डोब्री म्हणाला. वाफेच्या माणसाचं म्हणणं सगळ्यांना पटलं.

गेन्चो मात्र स्वतःचा गळा चाचपत बसला होता. "माझ्याही लागतायत रे हाताला," तो बारीक आवाजात म्हणाला. "दोन्ही बाजूंना." दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या सुट्टीत न्हाणीघरात टबात बसू लागला आणि बरं वाटतंय असंही सांगू लागला.

इकडे इस्क्राची गाठ पिकली, ताप आला. डॉक्टरीणबाईंनी छोटी चीर देऊन पू काढला आणि भोक मिटू नये म्हणून आत बारीक नळी ठेवली. नवी रजा, नवा दाखला. डोब्री परतला तेव्हा गेन्चो खिडकीशी वाटच पाहत होता.

"शून्याचा एक झाला? बढतीच मिळाली की."

"पू झाला," लिल्यानाताई गंभीरपणे म्हणाल्या. "चीर द्यावी लागली. आत नळी आहे, महिनाभर तरी राहील." असं म्हणून त्यांनी हळहळत डोब्रीच्या मफलरकडे पाहिलं.

"गळ्यात नळी?" गेन्चोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हातातला चिमटा खाली टाकून तो म्हणाला, "पिकायच्या आत दाखवून येतो." आणि दवाखान्याकडे सुटला.

गावात डॉक्टरीण एकच, आणि गेन्चोचा आवाज भट्टीच्या वर ऐकू जाणारा. त्यानं तिथे 'बार्थोलिन' म्हणायचा अवकाश, पुढचा प्रश्न 'डोब्रीला कशी झाली' हाच येणार. आज इस्क्राही नळी तपासायला तिथेच गेलेली. डोब्री मफलरसकट पळत सुटला.

पण उशीर झाला होता. बाहेरच्या बाकांवर गावातल्या डझनभर बायका बसल्या होत्या आणि मधोमध उभा राहून गेन्चो गळा दाखवत होता. "डोब्रीसारखीच हो. बार्थोलिन. माझ्या तर दोन्हीकडे आहेत." बायका त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. एकीनं रुमाल तोंडात कोंबला होता.

इस्क्रा कोपऱ्यात उशी घेऊन बसली होती. डोब्री धापा टाकत तिच्यापाशी गेला. "मी नाही सांगितलं," तो कुजबुजला. "शपथ. सगळं माझ्या गळ्यात घेतलं."

"ठाऊक आहे. लिल्यानाताई रोज फोन करून सांगते."

"म्हणजे तिला कळलं?"

"मीच सांगितलं पहिल्या दिवशी. या सगळ्यांनाही. ही उशी लिल्यानाचीच. तिला दोनदा झालीय."

"मग मला शपथ कशाला घातलीस?"

"पुरुषांना कळू नये म्हणून," इस्क्रा म्हणाली. "तुझं उठणंबसणं त्यांच्यात."

डोब्रीला रागही आला आणि हायसंही वाटलं. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी इस्क्राला हाक मारली. इस्क्रा सावकाश उठली, डोब्रीचा हात धरून उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली, "बाई, माझ्याआधी गेन्चोभाऊंना घ्या. बिचाऱ्यांच्या दोन्हीकडे आहेत."

गेन्चोचे डोळे पाणावले. तो तिचे पुन्हा पुन्हा आभार मानत आत गेला, दार लागलं, आणि बाहेरच्या सगळ्या बायका एकदम उठून दाराला कान लावून उभ्या राहिल्या.