खुल्या दालनाची चौकट

भिंत ही मनुष्याच्या प्रगतीतील सर्वांत मोठी अडचण आहे, हे सत्य ज्यांच्या डोक्यावर छप्पर आणि खुर्चीखाली सतरंजी असते त्यांना फार लवकर पटते. राजहंससाहेबांना ते मुंबईच्या प्रशिक्षणवर्गात, दुपारच्या चहाच्या वेळी पटले. तिथल्या टेबलावर एक परदेशी मासिक पडले होते. त्यात एका कचेरीचा पानभर फोटो होता. शंभरेक माणसे एकाच दालनात बसलेली, मध्ये एकही भिंत नाही, आणि सगळे हसताहेत. कशाला हसताहेत ते खाली इंग्रजीत दिले असावे, पण तेवढा भाग कुणीतरी बशीखाली घेतला होता.

हेमचंद्र राजहंस हे नगरच्या विहीर व पाणवठा सुधार उपविभागाचे प्रमुख. १९७२ चा पाऊस जिल्ह्याकडे पाठ फिरवून गेला होता आणि विहिरी खोल करून मागणारे अर्ज रोज पोत्याने येत होते. अशा वेळी पहिली गरज कचेरीचे नूतनीकरण करण्याची, हे ओळखायला दूरदृष्टी लागते. साहेबांनी पुण्याहून लीना फाटक नावाच्या वास्तुरचनाकार बाई आणवल्या. बाई हुशार होत्या. त्यांनी सातही खोल्या फिरून पाहिल्या आणि विचारले, "इथं एकाचं काम दुसऱ्याला कसं कळतं?"

"कळत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

भिंती गेल्या की माणसे एकमेकांशी बोलतील, बोलली की विचार जुळतील, आणि विचार जुळले की कामे आपोआप होतील, असे बाईंनी नकाशा उलगडून समजावले. हेडक्लार्क यज्ञेश्वर निसळ हात बांधून ऐकत होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत काम आपोआप झालेले त्यांनी एकदाच पाहिले होते, आणि त्याची चौकशी दोन वर्षे चालली होती.

निसळांची खोली साहेबांच्या खोलीला लागून होती. मधल्या भिंतीला टेकून त्यांची खुर्ची असे आणि डोके टेकायच्या जागी त्यांच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता. भिंत पाडताना तो डाग अखंड राहून एका विटेसकट खाली आला. ती वीट घरी न्यावी असे निसळांना फार वाटले, पण सरकारी मालमत्ता म्हणून त्यांनी ती ढिगाऱ्यात सोडून दिली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सहा दिवसांत सातही खोल्या आडव्या झाल्या. उरली फक्त साहेबांच्या खोलीची चौकट. भिंतींची नोंद कोणत्याही वहीत नव्हती, त्यामुळे त्या पाडायला अडचण आली नाही. पण चौकट सागवानी, दारासकट, पितळी पाटीसकट, जडवस्तू नोंदवहीत अनुक्रमांक सतरावर बसलेली. ती हलवायची तर तिचे निर्लेखन करायला, म्हणजे वहीतून तिची नोंद खोडायला हवी, निर्लेखनाला पुण्याची मंजुरी हवी, आणि मंजुरीला वस्तू निकामी असल्याचा दाखला हवा. दार तर उत्तम उघडत होते. (मिटतही होते.) तेव्हा ती जागच्या जागी ठेवून दोन लोखंडी टेकू देऊन उभी करावी असे ठरले.

गवंडी गहिनीनाथ थापी हातात धरून बराच वेळ चौकटीकडे बघत राहिला. "सायेब, हिच्या ह्या अंगाला काय येनार?"

"काही नाही."

"आन् त्या अंगाला?"

"काहीच नाही. खुलं दालन आहे ते."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला. "मंग कडी आतून बसवू का भाईरून?"

कडी आतून बसवली गेली.

नव्या दालनाचे उद्घाटन झाले, नारळ चौकटीच्या उंबऱ्यावर फोडला, आणि सहकार्याचे युग सुरू झाले. पहिल्या पाच महिन्यांची आकडेवारी बोलकी आहे. पूर्वी कारकून भिंतीवरून एकमेकांना हाका मारून दिवसातून सरासरी चाळीस वेळा बोलत. आता साहेब समोर दिसत असल्याने ते बोलणे तीनवर आले, तेही खुणांनी. उरलेले बोलणे लेखी होऊ लागले. शेजारच्या टेबलाकडे पेन्सिल मागायची तर टिपण, पेन्सिल नाही म्हणायचे तर उलट टिपण. जावक क्रमांक दुप्पट झाले आणि प्रगतीच्या तक्त्यावरची रेघ कागदाच्या वर निघून गेली. तिला जागा मिळावी म्हणून वर आणखी एक कागद चिकटवण्यात आला.

निसळांचे टेबल आणि साहेबांचे टेबल यांच्यात आता दोन हातांचे अंतर होते. पण निसळांकडून साहेबांकडे जाणाऱ्या कागदाला आधी जावक क्रमांक लागे. मग शिपाई बन्सी तो घेऊन मुख्य दारातून बाहेर पडे, इमारतीला वळसा घालून पुन्हा आत येई, चौकटीपाशी थांबून दारावर टकटक करी आणि साहेब "या" म्हणाले की आत जाई. एवढे फिरायचे कारण असे की, जावक झालेला कागद कचेरीबाहेर गेल्याशिवाय पुन्हा आवक कसा होणार? पूर्वी कागदाला अकरा दिवस लागत, आता तेरा लागू लागले. पण आता तो कुठे अडला आहे हे सर्वांना बसल्या जागेवरून दिसत होते, आणि पारदर्शकता म्हणतात ती हीच.

खरा प्रश्न अभ्यागतांचा होता. "साहेब आत नाहीत" हे बन्सीचे वाक्य म्हणजे त्या कचेरीचा पाया. आता बन्सी चौकटीपुढे उभा राहून तेच म्हणे आणि त्याच्या खांद्यापलीकडे साहेब डब्यातली शेपूची भाजी खाताना दिसत. बन्सीची कुचंबणा होई. यावर साहेबांनी स्वतः मसुदा करून परिपत्रक काढले. ते असे: 'दार बंद असताना साहेब दिसल्यास ते दिसले असे समजू नये.'

हे लोकांना पटेल का, अशी निसळांना शंका होती. पटले. अकोले तालुक्यापासून एस.टी.ने दिवसभर धक्के खात आलेली माणसेही चौकटीपाशी चपला काढत, बंद दाराकडे बघत आणि साहेबांवर नजर गेलीच तर चूक झाल्यासारखी खाली घालत. बन्सी पुढे केलेल्या वहीत सही किंवा अंगठा घेई. निसळांना लोकांच्या समजूतदारपणाचे कौतुक वाटे. मनात खोलवर कुठेतरी त्यांना त्याची भीतीही वाटे, पण ती नोंदवण्यासाठी रकाना नव्हता.

राहीबाई गवारे या घोडेगावच्या पुढे तीन कोसांवरच्या खडकवस्तीहून आल्या होत्या. वस्तीवर एकशे चाळीस माणसे, एक विहीर, आणि विहिरीच्या तळाशी वाटीने भरावे लागेल एवढे पाणी. उपविभागाचे सुरुंग लावायचे यंत्र त्या आठवड्यात घोडेगावातच एका विहिरीवर चालू होते. शनिवारी सकाळी ते संगमनेरकडे हलणार, मग उन्हाळा संपेपर्यंत परत येणार नाही. त्याआधी खडकवस्तीच्या अर्जावर साहेबांची सही झाली तर यंत्र आधी वस्तीवर येईल. एवढी एकच सही हवी होती.

सोमवारी त्या आल्या तेव्हा साहेब आत नव्हते. (लिमलेटच्या गोळ्या चघळत होते.) बुधवारी आल्या तेव्हाही नव्हते. बुधवारी जाताना त्या निसळांच्या टेबलापाशी थांबल्या.

"भाऊसाहेब, माजी सून सातव्या म्हैन्याची हाय. ती दोन कोसावरनं हांडा आनती. मी आनला आस्ता, पर माजं गुडगं चालंनात. तेवढं बगा."

निसळांनी बघितले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एका अर्जावर त्याच दिवशी टिपण लिहिले, लाल शाईने 'तातडीचे' म्हटले, जावक क्रमांक घातला आणि कागद उजव्या हाताला ठेवला. आपण फार मोठे काम केले असे त्यांना वाटले. पण गुरुवारी बन्सीने आधीचे कागद फिरवले, कारण क्रम म्हणजे क्रम. आणि शुक्रवारी बन्सी रजेवर गेला. घोडेगावच्या बाजारात त्याला बैल विकायचे होते. कडबा संपला होता.

शुक्रवारी दुपारी राहीबाई पुन्हा आल्या. चौकटीपाशी कुणी नव्हते. दार बंद होते. त्या निसळांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, कागूद झाला का?"

"तयार आहे. फक्त साहेबांकडे जायचा राहिलाय."

"सायेब कुटं हायेत?"

निसळांनी सवयीने बंद दाराकडे पाहिले. "साहेब आत नाहीत."

राहीबाईंनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी छताकडे पाहिले.

"मंग हे कोन बसल्यात?"

"बाई, दार बंद आहे."

"दार बंद हाय, ते दिसतंय मला. पर भित कुटं हाय?"

गेल्या पाच महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांचे टेबल दोन हातांवर होते. कागद उचलायचा आणि हात लांब करायचा, बस. पण कागद वाहणे हे शिपायाचे काम, आणि हेडक्लार्कने ते केल्याचा दाखला कोणत्याही जुन्या फायलीत नव्हता. तरीही त्यांनी कागद उचलला. त्यांना त्या सुनेचा हांडा दिसत होता. हात पुढे गेला, निम्म्यावर आला, आणि जिथे पूर्वी भिंत होती तिथे थांबला. त्यांनी खरोखर जोर लावला. हात पुढे जाईना. बोटांना चुना लागल्यासारखे वाटले. आपल्या हाताची इतकी लाज निसळांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

राहीबाईंनी तो कागद त्यांच्या बोटांतून काढून घेतला, चौकटीच्या बाजूने दोन पावले चालत गेल्या आणि साहेबांपुढे ठेवला.

समोर आलेल्या कागदावर सही करणे ही साहेबांची वीस वर्षांची सवय होती. सही झाली. टाक खाली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले.

"तुम्ही आत कशा आलात?"

"चालत," राहीबाई म्हणाल्या.

शिक्का निसळांकडे असे. त्यांनी तो मारला, आवश्यकतेपेक्षा जरा जोरात, आणि त्यांना फार वर्षांनी बरे वाटले. शनिवारी यंत्र आधी खडकवस्तीवर गेले. एकोणीस हातांवर पाणी लागले. राहीबाईंच्या सुनेला नंतर मुलगी झाली. कचेरीच्या दृष्टीने मात्र ही बाब गौण होती.

गंभीर बाब ही की, एक कागद भिंतीतून पलीकडे गेला होता. चौकशी बसली. निसळांचा लेखी खुलासा घेतला गेला. त्यात त्यांनी 'मधे भिंत नव्हती' असे एकच वाक्य लिहिले, आणि ते असमाधानकारक ठरून त्यांची वेतनवाढ थांबली. एकवीस पानी अहवालाचा निष्कर्ष असा निघाला की, उक्त भिंतीस एक प्रौढ स्त्री सहज जाईल एवढे भगदाड पडले असून ते तातडीने बुजवावे. भिंत पुन्हा बांधावी तर खुल्या दालनाच्या धोरणाला बाधा येते. म्हणून चौकटीच्या दोन्ही अंगांना जमिनीवर चुन्याची रेघ ओढली आणि पाटी लावली: 'येथे भिंत आहे.' तेव्हापासून एकही कागद बेकायदा पलीकडे गेलेला नाही. योजना यशस्वी म्हणून इतर तीन कचेऱ्यांत राबवली गेली.

निसळ दोन वर्षांनी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी गळ्यात हार, हातात श्रीफळ घेऊन ते साहेबांचा निरोप घ्यायला गेले. रेघेपाशी ते थोडा वेळ उभे राहिले. पाऊल उचलले, रेघेच्या वर धरले, आणि मग मागे घेऊन, वळसा घालून, दारावर टकटक केली.

बन्सीच्या वह्या अजून नीट जपून ठेवलेल्या आहेत. त्या पाच महिन्यांत दोन हजार तीनशे सहा अभ्यागत येऊन गेले. राहीबाईंच्या नावापुढे चौकशीनंतर लाल शाईत मारलेला 'भिंतीतून' असा शेरा आहे. बाकी दोन हजार तीनशे पाच जणांनी चौकटीपाशी चपला काढल्या, साहेब समोर जेवत असताना ते आत नाहीत हे ऐकून घेतले, आणि "बरं, उद्या येतो" म्हणून सही केली किंवा अंगठा दिला.

त्यांतली तुमची सही चौऱ्याण्णवव्या पानावर आहे. अक्षर सुरेख आहे.