नजरेतलं विमान

१२ एप्रिल. सकाळी गच्चीवर कुरडया घालत होते. सोऱ्या हातात, आणि डोक्यावर सुदामभाऊंचं ड्रोन. गरगरत आलं आणि ओल्या कुरडयांत बसलं.

सुदामभाऊ आमचे शेजारी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. ड्रोन अंगणात ठेवतात, तोंडानं 'टिंग टिंग' म्हणतात, आणि घरात जाऊन बसतात. विमान बाहेर, वैमानिक घरात! कामरगावात एवढं आंधळं वाहन दुसरं नाही. विजेच्या तारांमधून, बाजारातून, बुद्धविहारात जमलेल्या बायकांच्या डोक्यांवरून ते फिरतं. बोललं की ठरलेलं उत्तर, "काई होत नाई, वहिनी." व्हायचं ते खालच्या लोकांना होतं, ह्यांना काय होणार?

ड्रोन बादलीत घालून मी त्यांच्या दारात गेले. विहारातल्या बायका आता ठाण्यात तक्रार देणार आहेत, हे सांगितलं. नियमही सुनावले. ड्रोन माझं नाही, तरी मी मोबाइलवर वाचले होते. माणसांवरून न्यायचं नाही, तारांजवळ नाही, आणि नजरेआड तर मुळीच नाही.

"नजरेतच हाय ना. मोबाइलात सारं दिसून राह्यलं."

"मोबाइल म्हंजे नजर नोहे, भाऊ. कोनाचा डोळा फुटला त काय करसान?"

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, कांताबाईंचा आवाज आला. लकवा झाल्यापासून त्या खाटेवर आहेत. आम्ही भेटायला गेलो की सुदामभाऊ दारातूनच परत पाठवतात.

"काहून बंद पडलं जी? विहारात कोन कोन आलं ते सांगा ना."

सुदामभाऊंनी बादलीतून ड्रोन उचललं. मग हळू म्हणाले, "माह्या नाई वहिनी, तिच्या नजरेत राह्यते ते. मले असं कोनी पाहू नये म्हन्ते. पन तिले सारे पाह्याचे असतात. मोबाइल तिच्यापुढे धरून, कोन कोन हाय ते सांगाले मी जवळ लागतो."

माझा राग काही गेला नाही. ड्रोन कुणासाठी उडतंय ते तारांना कळत नाही. तक्रार मी थांबवते म्हटलं, पण नियम शिकायचे, या अटीवर.

१३ एप्रिल. आज सकाळी त्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात ड्रोन घेऊन धाडलं. 'वर पाहा, मोबाइलात नाही,' एवढं बजावलं. मग न विचारता आत शिरले, कांताबाईंच्या खाटेवर बसले, आणि काल विहारात कोण आलं, कोण कुणाशी बोललं नाही, ते सगळं चुगल्यांसकट सांगितलं.