विहिरीचा फ्लॅट नंबर

दिनांक १७ मे रोजी सकाळी ठीक दहा वाजता ओल्ड वेल काउंटी सहकारी गृहरचना संस्थेच्या आवारातील जुन्या विहिरीजवळ स्मृतिशिळेचे अनावरण झाले. कै. सोनबा यांच्या कन्या श्रीमती मथुराबाई ओव्हाळ, वय ९३, यांनी पहिले फूल वाहिले. उपस्थितांचे डोळे पाणावले. अल्पोपाहारानंतर कार्यक्रम संपला.

यातलं शिळेचं आणि अल्पोपाहाराचं तेवढं खरं. फूल वाहिलं गेलं नाही, तेव्हा ते वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. मजकूर सोसायटीच्या इतिवृत्तातला आहे आणि तो १४ मे रोजीच टाइप होऊन मंजूरही झाला होता. सेक्रेटरी दत्तप्रसाद गावंडे हे काम अंगावर ठेवणारे गृहस्थ नव्हते. ते मूळचे अकोल्याचे, एका कंपनीत क्वालिटी विभागात, मुक्काम बी-७०४. आयुष्यात त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नव्हतं आणि त्याची फाइल त्यांच्याकडे तयार होती.

वाघोलीच्या पुढे कोंढारवाडी म्हणून गाव होतं. आता तिथे बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, त्यांत चारशे बारा फ्लॅट आहेत आणि मधोमध गावची दगडी विहीर आहे. बिल्डर ती बुजवणार होता, पण आर्किटेक्टने ‘याला एक कॅरेक्टर आहे’ असं म्हटल्यामुळे आत निळे दिवे सोडले गेले आणि प्रकल्पाला विहिरीचंच नाव मिळालं. १९३८च्या वैशाखात महारवाड्यातले तिघे, म्हणजे सोनबा, त्यांचा धाकटा भाऊ भागा आणि शेजारी रखमाजी, या विहिरीत उतरले. पाणी प्याले आणि घागर भरायला लागले. गावाने त्यांना वर येऊ दिलं नाही. दगड काठावरच होते. सहा वर्षांच्या मथुराबाई दुसरी घागर घेऊन बाभळीखाली उभ्या होत्या.

हे सोसायटीला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या वर्षी ‘स्वच्छ, हरित आणि संवेदनशील सोसायटी’ अशी स्पर्धा निघाली. स्वच्छ झालं होतं. हरितसाठी कुंड्या आणल्या होत्या. संवेदनशीलचे तीस गुण कुठून आणायचे याची चर्चा चालू असताना मथुराबाईंची नात दीक्षा हिचा, विहिरीजवळ तिघांच्या नावाचा दगड लावावा असा अर्ज आला. असे अर्ज ती चार वर्षं करत होती. पाचवा मात्र एकमताने मंजूर झाला.

मजकुरावर दोन बैठका झाल्या. चेअरमन रविराज पाटील हे मूळ जमीनमालक. त्यांचे आजोबा तेव्हा गावचे पाटील होते.

“नावं टाका की, गावंडेसाहेब,” रविराज म्हणाले. “आपलं मन मोठं आहे. पण ते दगड मारले वगैरे नको. लहान मुलं खेळतात तिथं.”

“आणि जात?” गावंड्यांनी विचारलं.

“जात कशाला? आता कोण मानतं?”

अखेर शिळेवर कोरलं गेलं: ‘या ठिकाणी १९३८ साली सोनबा, भागा व रखमाजी यांच्या बाबतीत पाणीविषयक घटना घडली.’

दीक्षाने ते वाचलं. “टँकर आला नव्हता असं वाटतंय.”

“मॅडम, नावं आली ना? बाकीचं टप्प्याटप्प्याने करू.”

नावं आली होती, हे तिला कबूल करावं लागलं. आजीचं एवढंच मागणं होतं, की एकदा बापाच्या नावाशेजारी उभं राहून विहिरीत एक फूल सोडायचं. त्र्याण्णवाव्या वर्षी टप्पे फार पाडता येत नाहीत.

१७ तारखेला दोघी रिक्षाने गेटवर आल्या. सोसायटीत ‘द्वारपाल’ नावाचं अ‍ॅप होतं. आलेला माणूस कुणाकडे आलाय ते गार्ड त्यात भरतो, त्या घरच्या फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं येतात, ‘हो’ म्हणायचं तर नातं निवडावं लागतं, आणि मिनिटभरात काहीच दाबलं नाही तर ‘रहिवासी प्रतिसाद देत नाही’ असं उमटतं. कोण कुणाकडे आणि कोणत्या नात्याने आलं, ते सुरक्षेच्या दृष्टीने सोसायटीच्या ग्रुपवर आपोआप जातं. ‘अपवाद नाही’ हा नियम गावंड्यांनीच घातला होता. मागच्या गणपतीत गुरुजी पाऊण तास गेटवर उभे होते, पण नियम उभा राहिला.

“कुणाकडं जायचं, आजी?” गार्ड साईनाथने विचारलं.

“बापाकडं.”

“फ्लॅट नंबर?”

“हिरीत हाय त्यो.”

साईनाथने अ‍ॅपमध्ये विहीर शोधली. क्लब हाउस होतं, योगा डेक होता, पेट झोन होता. विहीर नव्हती. त्याने गावंड्यांना बोलावलं. गावंडे पळत आले, आजींना खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं. पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं.

“प्रमुख पाहुणे कसे गेले आत?” दीक्षाने विचारलं.

“ते चेअरमनसाहेबांकडे स्नेही म्हणून आले.”

“मग आम्हाला तुमच्याकडे दाखवा. बी-७०४. साईनाथमामा, टाका.”

गावंड्यांच्या खिशात फोन थरथरला. ‘ओव्हाळ कुटुंब आपल्याकडे आले आहे. नाते निवडा: नातेवाईक, स्नेही, घरकाम, डिलिव्हरी, दुरुस्ती.’ गावंड्यांचा अंगठा सवयीने ‘घरकाम’वर गेला आणि ते बरं दिसणार नाही म्हणून मागे आला. मग तो ‘नातेवाईक’वर गेला आणि तिथूनही मागे आला. ‘स्नेही’ मधोमध होतं, पण ग्रुपवर सगळ्यांच्या आधी रविराजच बघत.

“मॅडम, तुम्ही माझ्याकडे आलेल्या नाहीत,” ते म्हणाले. “खोटी नोंद होईल.”

तेवढ्यात मिनिट संपलं.

“मग दुसऱ्या कुणाला विचारा.”

“तसं एकालाच विचारणं पक्षपाताचं होईल. आपण सर्वांना समान संधी देऊ.”

साईनाथने ए-१०१ पासून सुरुवात केली. चारशे अकरा घरं राहिली होती आणि प्रत्येकाला एक मिनिट. आत फीत कापली गेली, इडली-चटणी झाली, प्रमुख पाहुण्यांनी ‘आपण सारे एक’ या विषयावर भाषण केलं. ग्रुपवर दोनशे नव्वद जणांनी हात जोडले, तिघांनी मेणबत्ती टाकली. आणि गेटवर एकामागून एक उमटत गेलं: प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. प्रतिसाद नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास डी-१२०४ उरकलं. चारशे बारापैकी एकानेही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. सोसायटी सुसंस्कृत होती.

“उद्या येऊ का?” मथुराबाईंनी विचारलं.

“मी मार्ग काढतो, आजी,” गावंडे म्हणाले, आणि ते खरंच मार्ग काढायला बसले.

मार्ग असा निघाला: विहिरीलाच फ्लॅट नंबर द्यायचा. अ‍ॅपमध्ये ‘एम-००’ हे घर तयार झालं. घर म्हटलं की रहिवासी हवा, म्हणून सोनबांचं नाव भरलं. वय एकशे एकोणीस आलं, आणि अ‍ॅपने ज्येष्ठ नागरिक म्हणून अभिनंदनाचा संदेश पाठवला. मोबाइल नव्हता. दीक्षाने आपला नंबर दिला, तर ‘पाहुणा व रहिवासी एकच असू शकत नाहीत’ असं उत्तर आलं. पण मोबाइल नसलेल्या ज्येष्ठांना इंटरकॉम देण्याचा ठराव होताच. शनिवारी इलेक्ट्रिशियनने विहिरीच्या काठावर, शिळेशेजारी, पांढरा इंटरकॉम बसवला.

रविवारी दोघी पुन्हा आल्या. साईनाथने आदराने एम-०० लावला. लांब, इमारतींच्या मधून, घंटा ऐकू येऊ लागली.

“वाजतंय का रं?” मथुराबाईंनी विचारलं.

“वाजतंय, आजी.”

“वाजंल. पर उचलंल कसा? त्याला वर कुठं येऊ दिलंय?”

साईनाथ शेवटच्या घंटेपर्यंत रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला आणि मग त्याने नोंद केली: रहिवासी प्रतिसाद देत नाही.

इथवर प्रकरण मिटलं असतं. पण सोनबा आता सोसायटीत राहत होते आणि मालक नव्हते. मालक नाही तो भाडेकरू, आणि भाडेकरूची पोलीस पडताळणी नसेल तर सेक्रेटरी जबाबदार. गावंड्यांनी फॉर्म घेतला. कायमचा पत्ता: महारवाडा, कोंढारवाडी (सध्या फेज दोनचं पार्किंग). केव्हापासून राहतात: वैशाख १९३८. येथे राहण्याचे कारण: इथे त्यांनी आधी ‘वर येऊ दिले नाही’ असं लिहिलं, ते खोडलं आणि ‘कौटुंबिक’ असं लिहिलं.

चार दिवसांनी चौकीतून हवालदारांचा फोन आला.

“नोंद सापडली, साहेब. अडतीस सालची. तक्रारदार तेव्हाचे गावचे पाटील.”

“खुनाची?”

“छे. पाणी नासवल्याची. वाचतो बघा. ‘तीन इसमांनी गावच्या पिण्याच्या विहिरीत मयत अवस्थेत राहून पाणी निरुपयोगी केले.’ आरोपी तीन, अटक शून्य.”

“अहो, पण ते मेले होते.”

“तेच लिहिलंय की. पण अटक नाही, म्हणजे कागदावर फरारी. आणि आता तुम्हीच सही करून कळवलंय की त्यातले सोनबा तुमच्याकडे राहतात.”

विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. फरारी आरोपींची नावं आवारात कोरून ठेवणं सोसायटीला परवडणारं नव्हतं. दीक्षाने निर्दोषत्वासाठी अर्ज केला होता, पण त्याला आरोपींनी समक्ष हजर राहणं आवश्यक होतं. तोवर नावं काढावीत असं ठरलं. रविराज मात्र त्या जुन्या नोंदीने भारावले होते.

“बघा गावंडेसाहेब! त्या काळात पाण्याच्या शुद्धतेबद्दल एवढी जागरूकता! आणि आम्हा नातवंडांना पत्ता नाही.”

रिकाम्या जागी नवा मजकूर आला: ‘या ठिकाणी १९३८ साली घडलेल्या पाणीविषयक घटनेची तत्परतेने तक्रार नोंदवणाऱ्या पाटलांच्या स्मरणार्थ.’ एम-०० रिकामा झाल्याची नोंद झाली. इंटरकॉम योगा डेकवर गेला. स्पर्धेत सोसायटीला संवेदनशीलचे तीसपैकी अठ्ठावीस मिळाले, कापलेले दोन कुंड्यांमधल्या डासांबद्दल होते.

त्या रात्री जेवताना गावंडे बायकोला म्हणाले, “नम्रता, एक बटण दाबायचं होतं गं.”

“मग दाबायचं,” नम्रता म्हणाली.

“आपण बाहेरगावचे. रविराज काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

गावंड्यांनी विचार केला. रविराज कधीच काही म्हणाले नव्हते. कुणीच काही म्हणालं नव्हतं. “मी चुकीचं काहीच केलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही काहीच केलं नाही,” नम्रता म्हणाली, आणि भात वाढला.

सोमवारी दीक्षा एकटीच गेटवर आली. तिने आत यायचं नाव काढलं नाही. आजीने सांगितलेला आणि तिने लिहून घेतलेला एक अर्ज तिने गावंड्यांच्या हातात दिला आणि पोच मागितली. गावंड्यांनी अर्जावर आवक क्रमांक घातला, शिक्का मारला, पोच दिली, अर्ज चारही लॉबींतल्या फलकांवर लावला आणि तो कार्यवाहीसाठी सर्वांना पाठवला. अर्ज असा:

प्रति,
सर्व ४१२ सभासद.

विषय: गेटवरील नोंदीबाबत.

महोदय,

मी मथुराबाई ओव्हाळ. माझे वडील, चुलते आणि एक शेजारी आपल्या आवारातील विहिरीत आहेत. शिळेवर काय लिहावे याबद्दल माझे आता काही म्हणणे नाही. मला आत सोडावे अशीही मागणी नाही. १७ मे रोजी साईनाथ यांनी आपल्या चारशे बारा घरांना माझ्याबद्दल विचारले. कोणीही ‘नाही’ म्हटले नाही, आणि मी बाहेर राहिले. अडतीस सालीही सगळा गाव काठावर होता, आणि नंतर विचारले तेव्हा दगड कोणीच मारला नव्हता. माझे वय पाहता मला एकदा तरी नाव कळावे असे वाटते. तरी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी गेटवर येईन, तेव्हा आपल्यापैकी कोणत्याही एका सभासदाने एक मिनिटाच्या मुदतीत ‘नाही’ हे बटण स्वतःच्या बोटाने दाबावे आणि आपल्या नावानिशी तशी नोंद होऊ द्यावी, ही नम्र विनंती.