तेलाचा थेंब आणि नागपूरचे साहेब

"हळद लाव रे वखराले, कुंकू लाव नांगराले, ज्यानं घास देल्ला त्याचं कपाळ उघडं नोको ठिवू..." खंडेनवमीला भातकुलीच्या अंगणात माय गुणगुणायची. तो सूर सूर्यभानच्या कानात अजून होता, पण अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागल्यापासून तो ओठांवर आणायची सोय नव्हती. विभागप्रमुख खुशालराव मूळचे चांदूर बाजारचे, पण पुण्याला शिकून आलेले. पूजाअर्चा, शकुन आणि वऱ्हाडी बोली, तिन्हींचा त्यांना सारखाच तिटकारा.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि नागपूरचे तपासनीस येऊन धडकले. सूर्यभानला त्यांच्यासमोर प्रयोग करून दाखवायचा होता: यंत्राच्या वरच्या पितळी तबकडीच्या बारीक भोकातून तेलाचा थेंब खाली सोडायचा, विजेच्या जोरावर अधांतरी थांबवायचा आणि त्याच्या अंगावरचा विद्युतभार मोजायचा. थेंब दिसला तर सूर्यभानची नोकरी कायम. नाही तर परत भातकुली.

सूर्यभानने फवारा मारला. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अंधार आहे."

"थांबा साहेब, आता चांदण्यावानी चमकतीन."

"चांदण्यांसारखे चमकतील," खुशालरावांनी दुरुस्ती केली.

दुसरा फवारा झाला, तिसरा झाला. तेल बदललं, दिवा सरकवला, बॅटऱ्या पुन्हा जोडल्या. थेंब चमकले ते साहेबांच्या मिशीवर.

"मला तळून काढायचा बेत आहे का?" साहेब कडाडले.

"आत उतरूनच नाही राहिलं तेल! काहून उतरत नाही, मले..."

"मला!"

"मले का मला, थेंबाले काय समजते सर?" सूर्यभानने वैतागून वरची तबकडी काढली नि उजेडात धरली. भोक बुजलं होतं. तेलात कालवलेलं हळदकुंकू, वर एक अक्षत.

"यंत्राची पूजा?" साहेबांनी मिशी पुसली. "यंत्र कोणाच्या ताब्यात असतं?"

"माह्या," सूर्यभान पुटपुटला. लावलं नव्हतं त्यानं. लावावंसं मात्र नवमीला फार वाटलं होतं, आणि तेवढ्यानंच जीभ अडखळली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीबाहेर पाहत असलेले खुशालराव खाकरले.

"त्याचं नाव नका लिहू साहेब. म्या लावलं." पुण्याची सगळी इस्त्री एका दमात उतरली होती. "माय सांगून गेली, नवमीले वखर पुजल्याबिगर जेवू नोको. आता कॉलेजात वखर कोठून आनू मी?"