दीड मीटरच्या आतला गुन्हा

"माझ्याकडे नीट बघ, क्षमा," विद्याधर म्हणाला. "तुझ्यासमोर उभा आहे तो नुसता नवरा नाही. ती एक तपासयंत्रणा आहे."

क्षमाने नीट बघितलं. तपासयंत्रणेने बनियनवर स्वेटर घातला होता, डोक्याला कानटोपी होती, आणि डाव्या खांद्यावर लेकीने सकाळी ओकलेलं दूध वाळून पापडी धरली होती.

"रेल्वेच्या कारखान्यात हजारो चाकं या हातोडीखालून गेली," त्याने खिशातून ती छोटी हातोडी काढली. "टण्ण वाजलं, चाक धड. थद्द वाजलं, आत चीर. माणसाचंही तसंच असतं. वाजवून बघायचं. खोटं बोलणारा माणूस थद्द वाजतो. संपूर्ण झाशीत हे शास्त्र अवगत असलेला एकच मनुष्य आहे."

"अहो, लेन्स कुठंय?"

"त्याच मुद्द्याकडे येतोय," तपासयंत्रणा म्हणाली, आणि पुढची दहा मिनिटं दुसऱ्याच मुद्द्याकडे गेली.

मुद्दा एवढाच होता. रविवारी अकरा महिन्यांच्या शाल्मलीचं, म्हणजे शालूचं, बोरनहाण होतं. रविवारीच रथसप्तमी, म्हणजे त्यानंतर थेट पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबा. आणि आज, गुरुवारी सकाळी, कॅमेऱ्याच्या पिशवीत छोटी लेन्स नव्हती.

कॅमेरा होता. त्याच्या तोंडावर विद्याधरची लांब लेन्स दुधी भोपळ्यासारखी लोंबत होती. पण बोरनहाण ज्या लेन्सने टिपायचं, ती चपटी, वाटीएवढी, क्षमाची लेन्स, ती गायब.

"बॉडी सापडली आहे," विद्याधर गंभीरपणे वहीत लिहीत पुटपुटला. "डोळा नाहीसा झाला आहे. भयंकर प्रकरण."

तो कॅमेरा घरात आला त्याचीही एक कथा होती. दिवाळीत विद्याधरला बोनस मिळाला आणि क्षमाने कित्येक महिने मनात धरलेली गोष्ट बोलून दाखवली. फोनमध्ये शालूचे साडेतीन हजार फोटो होते आणि त्यातल्या तीन हजारांत शालू नव्हती, पांढरं धुकं होतं. क्वार्टरच्या खोलीत उजेड कमी आणि पोरगी एका जागी ठरत नाही. मग मानिक चौकातल्या सुभाषचंद्रजींच्या दुकानात दोघं गेले, म्हणजे तिघं, कारण शालू क्षमाच्या कमरेवर होती.

"बिना शीशे वाला लीजिए, बहनजी," सुभाषचंद्रजी म्हणाले. "मिररलेस. छोटा, हल्का."

"आरसा नाही?" विद्याधरने डोळे बारीक केले. "मग त्यात खरं कसं दिसणार?"

सुभाषचंद्रजींनी काउंटरवर चार बॉडी मांडल्या. विद्याधर एकेकीचं माहितीपत्रक मोठ्याने वाचत होता. कुणात किती मेगापिक्सेल, कोण सेकंदाला किती फोटो काढतं, कोण धुळीला भीत नाही. क्षमाने एकही कागद वाचला नाही. ती एकेक कॅमेरा उजव्या हातात उचलायची, डावीकडे शालूला सांभाळायची आणि एका हाताने बटण दाबून बघायची. पहिला जड होता, मनगट वाकलं. दुसऱ्याचं बटण अंगठ्याला पोचेना. तिसरा शालूने थेट तोंडात घातला. चौथा तिच्या हातात बसला, आणि पडद्यावर शालू अशी उमटली की तिच्या पापण्या मोजता याव्यात.

"हा," ती म्हणाली.

लेन्सची निवडही तशीच झाली. "इसका छेद बड़ा है, बहनजी, कम रोशनी में भी काम करेगी," असं म्हणत सुभाषचंद्रजींनी ती चपटी लेन्स लावली. कुणीतरी वापरून परत केलेली होती, म्हणून परवडत होती. झूम नाही. जवळ जायचं असेल तर पायाने जवळ जायचं. क्षमाला त्यात काही अडचण दिसली नाही. शालू जन्मल्यापासून ती तिच्यापासून दोन हातांपेक्षा लांब गेलीच नव्हती.

विद्याधरने मात्र लांब लेन्स घेतली. "गुप्तहेर लांबून बघतो," तो म्हणाला. तिच्यातून त्याला किल्ल्याच्या बुरुजावरच्या कबुतराचा रंग दिसला. घरी आल्यावर कळलं की दीड मीटरच्या आतलं तिला काहीच दिसत नाही. दिवाण-कपाटांनी भरलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत शालूचा फोटो काढायला विद्याधरला खिडकीबाहेर जाऊन उभं राहावं लागे.

"मी काय म्हणते," सासूबाई, म्हणजे वसुंधराबाई, दिवाणावर तिळगुळाच्या वड्या डब्यात भरत म्हणाल्या, "लेन्स नाही तर फोनने काढा. आमच्या वेळी कुठे होते फोटो?"

क्षमाने कॅमेऱ्याची पिशवी पुन्हा एकदा उलटी करून झटकली. तिच्या वेळी होता. अकोल्याला आईच्या कपाटात एकच फोटो होता, क्षमाच्या बोरनहाणाचा. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, डोक्यावरून घरंगळणारी बोरं. आणि वरच्या कोपऱ्यात बोरं ओतणारा एक हात, हिरव्या बांगड्यांचा, कोपरापर्यंत. बाकीची आई फोटोच्या बाहेर राहिली होती. आता तिचे गुडघे तिला अकोल्याहून झाशीला येऊ देत नव्हते. "तू फक्त एक चांगला फोटो पाठव गं," ती फोनवर म्हणाली होती, "मी त्या फोटोशेजारी लावते." वस्तू मागितल्यासारखं नाही, सहज. म्हणूनच ते क्षमाच्या मनातून जात नव्हतं.

तपास सुरू झाला.

संशयित क्रमांक एक, सुभाषचंद्रजी. "ती लेन्स आधी कुणीतरी परत केली होती," विद्याधर म्हणाला. "म्हणजे ती परत जाणारी लेन्स आहे. सवयीची गुन्हेगार. सुभाषचंद्र ती विकतो, परत पळवतो, परत विकतो." तो मानिक चौकात गेला, आणि दुकानदाराच्या काउंटरवर हातोडी आपटून म्हणाला, "बोलिए!" सुभाषचंद्रजींनी चहा मागवला. दोन कप पिऊन, लेन्स पुसायचं कापड फुकट घेऊन आणि सुभाषचंद्रजींना काउंटरची काच धड असल्याची खात्री देऊन विद्याधर परतला.

संशयित क्रमांक दोन, कौशिक. हा विद्याधरचा मावसभाऊ, बिजौलीच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि उरलेला वेळ स्वतःचे रील काढण्यात घालवणारा.

"भैया, आपकी लेन्स मैं क्यों लूँगा?" कौशिकला मराठी कळायचं, पण बोलायची वेळ आली की जीभ हिंदीत पळायची. "मला ना, वो रिंगलाइट चाहिए."

"वाकडं उत्तर," विद्याधरने त्याच्या पाठीवर बोटांनी वाजवून बघितलं. "थद्द. यात चीर आहे."

"भैया, स्वेटर है. जाड है."

संशयित क्रमांक तीन, गच्चीवरची वानरं. पुरावा म्हणून गच्चीच्या कठड्यावर एक राखाडी केस सापडला. तो ठेवायला विद्याधरने आईकडे एखादी डबी मागितली.

"ही घे," वसुंधराबाईंनी एक छोटी, काळी, गोल डबी पुढे केली. बुधवारच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून या डब्या लुटल्या होत्या, कुंकवाच्या. संक्रांतीचा काळा रंग म्हणून मुद्दाम काळ्या आणलेल्या. "पण विदू, एक गंमत झाली बघ. बायका आल्या तितक्याच डब्या आणल्या होत्या. प्रत्येकीच्या पिशवीत एकेक घातली. वाण सगळ्यांना मिळालं. तरी ही एक उरली."

विद्याधरने डबी कानाशी धरून वाजवली. "रिकामी," तो म्हणाला. "तपासाच्या दृष्टीने निरर्थक." त्याने केस आत ठेवला, झाकण लावलं आणि वर चिठ्ठी डकवली: पुरावा अ.

क्षमा शालूला भरवत होती. डबीकडे बघताना तिला क्षणभर काहीतरी वाटलं, पण तेवढ्यात शालूने खिमटीचा चमचा उडवला आणि ते वाटणं भिंतीला जाऊन चिकटलं.

शनिवारी रात्री विद्याधरने वही मिटली. "नाइलाज आहे," तो म्हणाला. "संशयित क्रमांक चार. तू."

"मी?"

"हेतू स्पष्ट आहे. तुला माझी लांब लेन्स आवडत नाही. छोटी लपवायची, मग रडायचं, मग मी दुःखाने लांब लेन्स विकून नवी छोटी घेणार. थंड डोक्याचा गुन्हा."

क्षमाने त्याच्याकडे बघितलं. हसावं की कानटोपी डोळ्यांवर ओढावी, हे तिला ठरवता येईना. "अहो, शेवटी ती लेन्स कॅमेऱ्यावरून काढली कुणी?"

"मी. बुधवारी दुपारी. दूधवाल्याच्या कॅनवर लांबून नजर ठेवायची होती. पण रेल्वेचा माणूस वस्तू जागच्या जागी ठेवतो. मी ती पुढचं-मागचं झाकण लावून, व्यवस्थित, तिच्या..." तो थांबला. "तिच्या जागी ठेवली."

"जागा कुठली?"

"जागच्या जागी," विद्याधर म्हणाला आणि झोपायला गेला.

रविवारी चार वाजता पाटावर शालू बसली. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर मुकुट. तो तिने दोनदा काढून चाटला. आसपासच्या क्वार्टरमधली पोरं भोवती दाटली होती. बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या परातीत तयार होते. विद्याधर लांब लेन्स घेऊन खोलीत आला, भिंतीला पाठ टेकली, तरी शालू धुकंच. शेवटी तो रस्ता ओलांडून समोरच्या व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. तिथून उघड्या दारातून त्याला फक्त पोरांची डोकी दिसत होती.

क्षमाने फोन हातात घेतला. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. धुकं तर धुकं. आई म्हणेल, छान आलाय गं. आई नेहमी तेच म्हणते.

तेवढ्यात समोरच्या माधुरी भाभी आपल्या दोन मुलांना ढकलत आत आल्या. "काए बिन्नू," त्या दारातूनच म्हणाल्या, "तुमाई अम्माजी ने जो डिबिया दई ती, जा तो खुलतई नइयाँ! हमने जोर लगाओ, इनने जोर लगाओ. आज जे पिलास लेकें बैठे, हमने कई, रुको, पैलें पूछ आएँ कि जामें कुमकुम भरें कैसें."

नवऱ्याची पक्कड डबीला लागायच्या आत त्या विचारायला आल्या होत्या. त्यांनी मूठ उघडली. तळहातावर काळी, गोल, चपटी डबी होती.

क्षमाने शालूला सासूबाईंकडे सरकवलं. डबी हातात घेतली. दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली. टिच. झाकण निघालं आणि आतून काचेचा एक गोल, निळसर डोळा तिच्याकडे बघायला लागला. ओरखडासुद्धा नव्हता.

"अरे, जा में तो काँच है!" माधुरी भाभी म्हणाल्या.

"अगंबाई," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांनी फळीवरून पुरावा अ काढला, उघडला, केस फुंकून टाकला. "म्हणजे मी बुधवारी दिवाणावर डब्या मांडून पिशव्या भरत होते, तेव्हा त्यांच्यात ही कुणी ठेवली?"

खोलीतले सगळे हळूहळू उघड्या दाराकडे वळले. समोरच्या व्हरांड्यात कानटोपीतल्या माणसाने डोळ्यावरून लांब लेन्स खाली घेतली.

"विदूऽऽ!"

विद्याधर रस्ता ओलांडून आला. सगळं ऐकून घेतलं. लेन्स हातात घेऊन तिच्यावर नखाने वाजवलं. टण्ण.

"गुन्हेगार घरातलाच आहे," तो शांतपणे म्हणाला, "हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो."

"तुम्ही वानर म्हणत होता," क्षमा म्हणाली.

"जवळपास तेच." मान खाली घालून त्याने कॅमेऱ्यावरून आपला दुधी भोपळा उतरवायला घेतला. मग थबकला. "क्षमा, आधी एक सांगू? बॉडी तू घे. पण मी आधी समोरून एक काढला आहे. चुकून. बघून पुसून टाक."

"नंतर," ती म्हणाली. छोटी लेन्स कटकन बसली. डाव्या हाताने तिने परातीतली बोरं उचलली, उजव्या हातात कॅमेरा, आणि ती शालूपासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर बसली. बोरं घरंगळली. पोरांनी झेप घेतली. शालूने वर बघितलं, दोन दात दाखवले, आणि एक बोर पकडून थेट आईच्या कॅमेऱ्यावर फेकलं.

तो फोटो संध्याकाळी अकोल्याला गेला. पापण्या मोजता येतील असा.

पण त्याच्याआधी कॅमेऱ्यात आणखी एक फोटो होता. क्षमाने पुसायला म्हणून उघडला. रस्त्यापलीकडून काढलेला. दाराची चौकट, पोरांच्या डोक्यांमध्ये अचानक पडलेली फट, आणि त्या फटीत क्षमा. उघडलेली लेन्स तळहातावर, तोंड अर्धं उघडं, एवढी हसणारी की तिला स्वतःलाच ओळखायला वेळ लागला. कडेला आजीच्या पदराचं टोक धरून उभी राहू बघणारी शालू. साडेतीन हजार फोटोंत क्षमाचा हा पहिला होता. नुसता हात नाही, नुसत्या बांगड्या नाहीत. सगळीच्या सगळी क्षमा.

तिने तोही आईला पाठवला.

झोपायच्या आधी विद्याधरने तपासाची वही मागितली. प्रकरण बंद करायचं होतं. त्याने संशयितांची यादी काढली, चौथ्या ओळीवर क्षमाच्या नावाशी पेन टेकवलं, आणि शेजारी लिहिलं: निर्दोष. पुरावा सोबत जोडला आहे.

"अहो," क्षमा पांघरुणातून म्हणाली, "ती लांब लेन्स विकू नका हं."

तपासयंत्रणेने वही उशाखाली सारली. तिने शालूच्या मुठीतून चिकट झालेलं एक बोर अलगद सोडवलं, दिवा मालवला, आणि अंधारात बराच वेळ ते बोर कुठे ठेवलं ते शोधत राहिली.