शिवणवहीची सुटका

चष्मे पुसून, पंखा मंद करून, मन खंबीर करून ही हकिकत वाचावी. राजश्री टकटकराव, कचेरीत बत्तीस वर्षे टंकलेखन करून निवृत्त जाहलेले, ज्यांच्या बोटांचा दणका दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई, यांचे घरी लॅपटॉप पडला तो उठेना, आणि मग तो कैसा उठविला, ते येथे यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

मोहिमेचे मूळ ऐसे की, रावांचे कुटुंब, ज्यांस सारे गाव बाई म्हणे, त्यांणी तीस वर्षे शिवणवर्ग चालवून बाह्यांची, गळ्यांची आणि खिशांची अवघी विद्या एका वहीत उतरविली होती. तिचे पुस्तक करणे ठरले आणि छापखान्याचे फर्मान आले की, मजकूर ठरल्या दिवशी सायंकाळी पाचांचे आत न पोहोचल्यास पुढे वर्षभर नाव काढू नये. रावांनी दोन महिने खपून वहीची एकशे चाळीस पाने टंकीत आणिली. परंतु कचेरीची खोड ऐसी की, पान टंकून जाहले की कच्चा कागद फाडावा आणि टोपलीत टाकावा. तेणेप्रमाणे वहीचे पान न् पान रद्दीस रवाना जाहले आणि बाईंस याची खबर दिली नाही. दुसरी प्रत काढून ठेवावी, ही मसलत चिरंजीवांनी फोनवरून तीनदा दिली, आणि रावांनी तीनदा 'बघू' म्हटले. सबब बाईंची तीस वर्षे आता एकट्या लॅपटॉपाच्या पोटात होती.

ऐशात त्याच ठरल्या दिवशी सकाळी अकरांचे सुमारास, शेवटचे पान चालू असता, पडदा एकाएकी निळा जाहला, आणि मग काळा जाहला, आणि मग रावांचा चेहरा पांढरा जाहला.

रावांनी बटण दाबिले. दिवा लागला, पंखा घरघरला आणि सारे गार. मग चार्जर काढून लाविला, मग दुसऱ्या बोर्डात लाविला, मग लॅपटॉप उलटा करून थोपटिला. मग चिरंजीवांस फोन केला. त्यांणी हुकूम दिला की तीस आकडे मोजेतो बटण दाबून धरावे. रावांनी साठ मोजिले, कारण भीती दुप्पट होती. गनीम हूं की चूं करीना. मग दटाविला, आणि मग दार लोटून 'बाबा रे' म्हणून विनविला. स्वयंपाकघरातून बाईंची पृच्छा आली की सारे ठीक ना. रावांनी ठीक म्हणून कळविले, आणि कोपऱ्यावरील दुरुस्तीच्या दुकानास फोन लाविला.

एक वाजता कुमक आली. कोपऱ्यावरील दुकानाच्या दुरुस्तीवाल्या ताई, बहुत मितभाषी, त्यांणी दहा स्क्रू काढून बशीत क्रमाने मांडिले आणि पाठ उघडिली. आत पंख्याच्या मुखी निळ्या-पिवळ्या दोऱ्यांचा बोळा ऐसा घट्ट की वाऱ्यास वाट म्हणून उरली नव्हती. मग ताईंनी जबानी घेतली की यावर झाकता काय. राव खोळ घेऊन आले.

ती खोळ बाईंनी स्वहस्ते निळ्या-पिवळ्या दोऱ्यांनी शिविलेली, दुहेरी अस्तराची, चहूंकडून घट्ट. आणि दिवसेंदिवस ती जाड होत गेली होती, त्याचे कारण रावांनी कधी पुसिले नव्हते. काम थांबले की यंत्र झाकावे, ही टाइपरायटराच्या दिवसांची शिस्त. टाइपरायटर झाकल्याने तापत नसे, एवढाच काय तो फरक. राव चहास उठत आणि लॅपटॉप चालता-बोलता खोळीत जाई.

ताई म्हणाल्या, "काका, मशीन मेलं नाहीये. भर उन्हाळ्यात तुम्ही त्याला स्वेटर घालून बसवलंय."

बाई दारातच उभ्या होत्या. रावांनी तत्काळ जाहीर केले की खोळ निर्दोष असून सर्व कसूर आमची. मग ताईंनी बोळा उपसिला, ब्रशाने झाडिले, स्क्रू माघारी बसविले आणि यंत्र निवू दिले, आणि मग बटण दाबिले. पडदा उजळला. एकशे चाळीस पाने जशीच्या तशी उभी राहिली. राव भर दिवसा रडले, ते लपविण्यास चष्मा पुरला नाही. ताईंनी प्रथम दुसरी प्रत काढून हाती दिली, आणि मग रावांनी शेवटचे पान पुरे करून चार वाजून वीस मिनिटांनी मजकूर छापखान्यास धाडिला.

ताई गेल्या. बाईंनी खोळीस वाऱ्याची खिडकी पाडावी म्हणून ब्लेड घेऊन शिवण उसविली, तो अस्तरातून कागद निघाले. दोन कागद, दहा कागद, आणि मग सारी वही. जो टंकतो तो कच्चा कागद टाकतो. जी शिवते ती काहीच टाकीत नाही, कागदाने अस्तरास ताठा आणते.

बाई म्हणाल्या, "टोपलीत माझंच अक्षर दिसलं. म्हटलं, बघू या तुम्ही कधी सांगताय."

राव म्हणाले, "चुकलं माझं. आज दिवसभर जीव गेला होता माझा."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारत होते, सारं ठीक ना."

यावर तह जाहला की, चालते यंत्र झाकू नये, हाताचे लिहिलेले टाकू नये, आणि ठीक नसता ठीक म्हणू नये. टेबलावर उरलेले शेवटचे पान त्यांत घालून उभयतांनी पाने क्रमाने लाविली. एकही उणे नव्हते. मग रावांनी नोंद करण्यास बोटे सज्ज केली आणि पुसिले की फत्ते कोणाची लिहावी. बाईंनी खोळीची लिहा म्हणून सांगितले, आणि तैसे लिहिले.